जिम्नीला २३५/७५ आर१५ टायर आणि ५० मिमी लिफ्ट: किटशिवाय आणखी काय लागतं?

घाटवाट
गाडी पाच दारी जिम्नी, मॅन्युअल. मूळ टायर १९५/८० आर१५. त्याजागी २३५/७५ आर१५ ऑल-टेरेन टाकायचे आणि ते बसावेत म्हणून ५० मिमी लिफ्ट करायची, म्हणजे उंच स्प्रिंग टाकून गाडी तेवढी वर उचलायची, असं डोक्यात आहे. आठवडाभर शहर आणि हायवे, महिन्यातून एक-दोनदा भोर, वेल्हे, मुळशीकडच्या कच्च्या वाटा. पावसाळ्यात चिखल आलाच.
किटमध्ये चार स्प्रिंग आणि चार शॉकअप येतात. गॅरेजवाल्याच्या मते एवढं बदललं की काम संपलं, अर्धा दिवस पुरे. मला ते पटत नाहीये. कॅस्टर (पुढच्या चाकांच्या वळण्याच्या अक्षाचा मागचा कल), पॅनहार्ड रॉड, ब्रेकचे होज यातलं लगेच काय करावं लागतं आणि नंतर केलं तरी काय चालतं? टायर नेमका कुठे घासतो? हे काम हाताने केलेल्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

पाना१७
आधी आकडेमोड, मग बाकीचं.
१९५/८० आर१५ चा व्यास ६९३ मिमी.
२१५/७५ आर१५ चा ७०३.५ मिमी, म्हणजे दीड टक्का जास्त.
२३५/७५ आर१५ चा ७३३.५ मिमी, म्हणजे ५.८ टक्के जास्त.
व्यास ४० मिमीने वाढला की ॲक्सल वर जातो त्याच्या निम्मा, २० मिमी. जिम्नीचा २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स डिफच्या (ॲक्सलमधल्या डिफरन्शिअलच्या) पोटाखाली मोजलेला असतो. ॲक्सल अखंड असल्यामुळे स्प्रिंग कितीही उंच केली तरी तो आकडा जागचा हलत नाही. डिफखालच्या दगडाला फक्त टायर कळतो, लिफ्ट कळत नाही.

लाल_माती
मग लिफ्ट करायचीच कशाला? नुसते टायर टाका.

पाना१७
@लाल_माती, दोन कारणं. एक म्हणजे २३५ ला मडगार्डमध्ये जागा हवी. दुसरं गाडीचं पोट. तीन दारीचा व्हीलबेस २२५० मिमी, पाच दारीचा २५९०. मधल्या ३४० मिमीमुळे रॅम्पब्रेकओव्हर (पोट न टेकता उंचवटा ओलांडायचा कोन) २४ अंशांवर येतो आणि या गाडीची लंगडी बाजू हीच. पुढून चढायचा कोन ३६ अंश आहे, तिथे क्वचितच अडतं. बांध ओलांडताना साइड सिल आणि मधला क्रॉस मेंबर टेकतात, तिथे लिफ्ट उपयोगी पडते. डिफ आपटत असेल तर लिफ्ट करून पैसे वाया जातील.
आणि किट तीन दारीचं नाही ना, ते आधी विचारा. पाच दारी मागून जड आहे, सामानही जास्त भरलं जातं. तीन दारीच्या मागच्या स्प्रिंग टाकल्या की बुड बसतं आणि हेडलाइट आभाळाकडे बघतात.

तेलकट_हात
गॅरेजवाल्याचं "अर्ध्या दिवसात" ऐकून काळजी वाटली, म्हणून सगळं लिहितो.

कॅस्टर. पुढचा ॲक्सल दोन रेडियस आर्मवर टांगलेला असतो आणि आर्मचं मागचं टोक चॅसीला असतं. गाडी उचलली की आर्मचं पुढचं टोक खाली जातं, त्यासोबत अख्खा ॲक्सल पुढे कलंडतो आणि कॅस्टर कमी होतो. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो म्हणून ती हात सोडूनही सरळ जाते. तो फोर्क उभा केला तर जे होईल तेच इथे होतं: स्टिअरिंग वळवल्यावर आपसूक परत येत नाही आणि ८० च्या पुढे गाडी रस्त्यावर पोहते. किती कमी होतो ते स्वतः काढा. आर्म ७०० मिमीचा धरला तर ५० मिमी लिफ्टला साधारण ४ अंश. आपल्या गाडीचा आर्म टेप लावून मोजा. हे लगेच करायचं काम आहे, "नंतर बघू" यादीतलं नाही.

उपाय तीन. आर्मचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) बदलून तिरक्या भोकाचे टाकणे, आर्मचं मागचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट लावणे, किंवा वाकवून बनवलेले नवे आर्म. बुश घेतलेत तर एक गोष्ट नीट समजून घ्या. प्रत्येक आर्मला ॲक्सलकडे दोन बुश असतात. पुढच्या बुशचं भोक वरच्या बाजूला यायला हवं, मागच्याचं खालच्या. उलटं बसलं तर होता तो कॅस्टरही जातो. बुश प्रेसखाली घालण्याआधी आर्मवर पांढऱ्या पेनने बाण काढा, "पुढे" असं लिहा आणि मग प्रेसचा दांडा ओढा. आर्म गाडीतून निघून टेबलावर आला की डावा कुठला, उजवा कुठला हे भल्याभल्यांना कळत नाही.

पॅनहार्ड रॉड. ॲक्सलला आडवं धरणारा हाच. तो तिरका झाला की ॲक्सल एका बाजूला सरकतो. पुढे एक आणि मागे एक असे दोन आहेत आणि दोन्ही ॲडजस्टेबल घ्यावेत असं माझं मत. सरकणं काही मिलिमीटरचंच असतं, पण पुढचा एका बाजूला आणि मागचा दुसऱ्या बाजूला गेला तर गाडी खेकड्यासारखी चालते.

ब्रेक होज. शॉकअप लांब झाले म्हणजे ॲक्सल जास्त खाली लोंबणार. पुढचे दोन होज, मागे चॅसीवरून ॲक्सलकडे येणारा एक, एबीएसच्या वायरी, डिफच्या ब्रीदरची नळी आणि पुढच्या हबकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी, या सगळ्यांना हात लावून बघा. चाकं हवेत पूर्ण लोंबत असताना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. एखादी नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली असेल तर ब्रॅकेट खाली आणा नाहीतर लांब होज टाका. इथे तडजोड नको. व्हॅक्यूमची नळी निसटली तर ४डब्ल्यूडी लागत नाही आणि लोक विनाकारण ट्रान्सफर केस उघडून बसतात.

बंप स्टॉप, म्हणजे ॲक्सलला वर येताना अडवणारा रबरी ठोकळा. नवा शॉकअप पूर्ण दाबून बंद लांबी मोजा. ती मूळ शॉकअपपेक्षा जितकी जास्त तितका बंप स्टॉप वाढवायचा. नाही वाढवला तर खड्ड्यात बंप स्टॉपच्या आधी शॉकअपच तळाला लागतो, आतला वॉल्व्ह फुटतो आणि तेल बाहेर येतं. मग माल खराब निघाला अशी ओरड होते.

काम फार अवघड नाही. चॅसीला घोड्या लावा, ॲक्सलखाली जॅक, शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, पुढच्या अँटी-रोल बारची लिंक सोडा, जॅक हळूहळू उतरवा, स्प्रिंग हातात येते. स्प्रिंग कॉम्प्रेसर सहसा लागत नाही. लिंक सोडली नाही तर एक बाजू खाली जातच नाही आणि पोरं पहार घालून स्प्रिंग उपसायला लागतात.

शेवटचा मुद्दा ठळक अक्षरात वाचा. आर्म आणि पॅनहार्डचे बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हाताने बसवा. गाडी जमिनीवर उतरवा, दोन-तीनदा दाबून डोलवा आणि मग टॉर्क पाना लावा. हवेतच कसले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि काही महिन्यांत फाटतं.

घाटवाट
तेलकट_हात दादा, मनापासून आभार. पॅनहार्ड किती लांब करायचा हे कसं ठरवायचं?

ओळंबा
माझ्या नावातच उत्तर आहे. गवंड्याचा ओळंबा घ्या. गाडी सपाट फरशीवर, चाकं सरळ, हवा चारीत सारखी. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून टायरच्या बाजूपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. डावीकडे ३२ आणि उजवीकडे २४ आलं तर फरक ८, म्हणजे ॲक्सल ४ मिमी सरकवायचा. निम्मा फरक, पूर्ण नाही. रॉडचे नट सैल करून आटे फिरवा, गाडी डोलवा, परत मोजा. २ मिमीच्या आत आलं की थांबा.

टायर कुठे घासतो तेही सांगतो. २३५/७५ मूळ सस्पेन्शनवर पुढच्या बंपरच्या खालच्या कोपऱ्याला आणि आतल्या प्लास्टिक लायनरला लागतो, फुल लॉकला (स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर) आर्मलाही. ५० मिमी लिफ्टनंतर सरळ रस्त्यावर लागणार नाही, पण एक चाक दाबलेलं आणि स्टिअरिंग वळलेलं असताना लागू शकतो. हे ट्रॅकवर जाऊन शोधायची गरज नाही. स्प्रिंग टाकण्याआधी शॉकअप न जोडता चाक लावा आणि ॲक्सल जॅकने बंप स्टॉपला टेकेपर्यंत उचला. आता स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा. जिथे लागेल तिथे खडूची खूण करा. मग एक बाजू वर आणि दुसरी खाली ठेवून पुन्हा बघा. प्लास्टिक असेल तर कापा आणि लायनरच्या क्लिपा मागे सरकवा. आर्मला लागत असेल तर नकलवरचा (चाक ज्यावर वळतं त्या सांध्यावरचा) स्टिअरिंग स्टॉपचा बोल्ट थोडा बाहेर काढा. वळणाचा घेर थोडा वाढेल.

सारथी_सातारा
कॅस्टर बुशबद्दल थोडा मतभेद. बुशने फक्त काही अंश भरून निघतात, आणि पॉलियुरेथेनचे घेतलेत तर ते कडक असल्याने आर्मला मुरडू देत नाहीत, चाकाची मोकळीक कमी होते. ५० मिमीला नवे आर्म किंवा ब्रॅकेट बरे. ब्रॅकेटची अडचण अशी की ते खाली लोंबतं आणि दगडावर तेच आधी आपटतं. म्हणून आर्म.

तेलकट_हात
@सारथी_सातारा, मोकळीक कमी होते हे मान्य. पण कॅस्टर पूर्ण मूळ आकड्यावर आणायचा हट्टही चुकीचा. कॅस्टरसाठी ॲक्सल मागे कलंडवला की पुढच्या डिफचं पिनियन (प्रोपेलर शाफ्ट जोडतो ते टोक) खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. फार ओढलं तर ४डब्ल्यूडी लावल्यावर गुरगुर येते आणि यूजे क्रॉस (शाफ्टच्या सांध्याचा क्रॉस) लवकर जातो. थोडा कमी कॅस्टर घेऊन शाफ्टचा कोन वाचवलेला बरा.

सारथी_सातारा
हो, हे बरोबर. एवढं करा की लिफ्टच्या आधी आणि नंतर अलाइनमेंटच्या दुकानातून कॅस्टरचा आकडा छापून घ्या. अखंड ॲक्सलला मशीनवर फक्त टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली तो आकडा) फिरवता येतो म्हणून दुकानदार बाकीचे आकडे दाखवत नाहीत. मागून घ्या.
आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा रॉड) विसरू नका. लिफ्टनंतर स्टिअरिंग वाकडं राहतं. ते ड्रॅग लिंकच्या आट्यांनी सरळ करायचं, स्टिअरिंग काढून दुसऱ्या दात्यावर बसवून नाही. तसं केलं तर अँगल सेन्सरचा शून्य चुकतो, ईएसपीला (गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला) वाटतं गाडी सतत वळतेय आणि सरळ रस्त्यावर ब्रेक धरला जातो.

काळा_कातळ
थारवाल्यांसाठी मधेच एक नोंद, कारण इथलं वाचून कुणी थारला तेच करू नये. २०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, डबल विशबोन आणि कॉइलओव्हर (शॉकअपभोवतीच बसवलेली स्प्रिंग). तिथे पॅनहार्डचा प्रश्न फक्त मागे. पुढे कॉइलओव्हरच्या डोक्यावर २५ मिमीचा स्पेसर टाकला तर चाकापाशी लिफ्ट २५ नाही, ४० च्या आसपास मिळते, कारण कॉइलओव्हर खालच्या विशबोनच्या मध्येच कुठेतरी बसतो, टोकाला नाही. हे न कळता ५० मिमीचा स्पेसर घातला की ड्राइव्हशाफ्टचे सीव्ही जॉइंट मर्यादेबाहेर वाकतात. बूट फाटतो, ग्रीस उडतं, चिखल आत जातो आणि वळताना कटकट ऐकू येते. चाक लोंबलं की वरचा बॉल जॉइंटही टोकाला टेकतो.
थारला कंपनीनेच २४५/७५ आर१६ आणि २५५/६५ आर१८ अशा दोन साइज दिल्यात. खडकाळ वाटेसाठी १८ वरून १६ वर आलं तर व्यास १५ मिमीने कमी होतो, पण रबराची भिंत १६६ वरून १८४ मिमी होते. हवा कमी करून चालवायला तोच टायर चांगला. प्रत्येकाला लिफ्ट लागतेच असं नाही.

पाटे_कमान
जुन्या महिंद्रा एमएम५४० आणि मेजर जीपवाल्यांनी शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला टांगणारी कडी) लांब करायचा मोह टाळावा. ५० मिमी लांब शॅकल म्हणजे फक्त २५ मिमी लिफ्ट, आणि त्यात कॅस्टर बिघडतो. त्यापेक्षा पाट्यांची कमान भट्टीवाल्याकडून नीट बांधून घ्या, थकलेले पाटे बदला, यू बोल्ट नवे टाका. जुने यू बोल्ट परत कसले की आटे ताणलेले असतात, ते धरत नाहीत. पाटे ॲक्सलच्या वर घ्यायचं काम तर जपून. लो गिअरला जोर लावला की पाटे एसच्या आकारात मुरडतात आणि शाफ्टचा कोन बिघडतो.

लाल_माती
२३५ रुंदच का हवाय? कोकणातल्या लाल चिखलात खाली जांभा असतो. अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो आणि धरतो, रुंद टायर वर तरंगतो. देशावरच्या काळ्या मातीची गोष्ट वेगळी. ती ऑल-टेरेनच्या खाचांत अशी भरते की टायर गुळगुळीत रूळ होतो, तिथे मड-टेरेनही दहा मीटरमध्ये हार मानतो. सह्याद्रीत टायर मरतो तो भिंतीला बेसॉल्टची धारदार कड लागून. रुंदीपेक्षा भिंतीच्या थरांकडे बघा, दोन थरांच्याऐवजी तीन थरांची घ्या.

पाना१७
@लाल_माती, पटलं. यात एक महत्त्वाची गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. जिम्नीची मूळ डिस्क ५.५ इंच रुंद आहे. २३५/७५ आर१५ साठी टायर कंपन्या ६ ते ८ इंचाची डिस्क सांगतात. म्हणजे २३५ घेतले की डिस्कही बदलावी लागणार. ५.५ वर बसतो, बसवतातही, पण मध्यभाग फुगतो, टायर मधूनच झिजतो आणि हवा कमी केल्यावर बीड (टायरची डिस्कवर बसणारी कड) सुटायची भीती वाढते. २१५/७५ मात्र मूळ डिस्कवर व्यवस्थित बसतो.
डिस्क घेताना ५ बोल्ट, १३९.७ मिमी पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), मधलं भोक १०८ मिमी. ऑफसेट फार बाहेर घेऊ नका. चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंग आणि किंगपिनवर भार आणि तितका बंपरचा कोपरा जवळ. स्पेसर लावून डिस्क बाहेर काढणं तर नकोच. नट १०० न्यूटन-मीटरने कसा.

घाटवाट
हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे २३५ म्हणजे लिफ्ट, आर्म, दोन पॅनहार्ड, होज, बंप स्टॉप आणि वर पाच डिस्क. चालवण्यात काय फरक पडतो? मायलेज, ब्रेक?

ओळंबा
गिअरिंग ५.८ टक्के लांब होतं. १०५ पीएसच्या इंजिनाला घाटात ते जाणवतं, पाचव्यात चढायची ती चौथ्यात चढेल. चाकाचं वजन वाढतं आणि ते टोकाला असतं, म्हणून पिकअप आणि ब्रेक दोन्ही सुस्त वाटतात. जुना आणि नवा टायर वजनकाट्यावर ठेवून बघा.
मायलेज काढताना ओडोमीटरवर विश्वास ठेवू नका. तो १०० किमी दाखवेल तेव्हा गाडी १०५.८ चाललेली असते. टाकी ते टाकी १४ आलं तर खरं १४.८. अर्धे लोक इथेच चुकतात आणि टायरला शिव्या देतात. स्पीडोमीटरचंही तेच, काटा १०० वर असताना खरा वेग जास्त असू शकतो. जीपीएसने एकदा पडताळा.

चाक_हलतंय
लिफ्टनंतर ७०-८० ला स्टिअरिंग थरथरतं, तर स्टिअरिंग डॅम्पर बदलावा का?

सारथी_सातारा
नाही, आधी नाही. डॅम्पर दुखणं झाकतो. क्रमाने बघा: बॅलन्सिंग, टायरची गोलाई, पॅनहार्डचे बुश आणि बोल्टची भोकं, टाय रॉडचे टोक, शेवटी किंगपिन बेअरिंग. गाडी सुरू ठेवून एकाने स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवायचं आणि दुसऱ्याने खाली वाकून पॅनहार्डच्या बोल्टवर बोट ठेवायचं. बोल्ट भोकात टकटक हलला तर बोटाला लगेच कळतं.

कायदा_आधी
कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीतल्या कलम १८२अ(४) प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. गाडी रोज हायवेवर जाणार आहे, तर काम करण्याआधी आरटीओ आणि विमा दोन्हीकडे लेखी विचारा. खाजगी ट्रॅकवर ट्रेलरने नेणाऱ्या गाडीचं वेगळं.

लाल_माती
+१. आणि टायर मोठे झाले म्हणून सड्यांवर गाडी घालू नका. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथली माती जांभ्यावर बोटभर जाडीची. पावसात एक चाक फिरलं की ती चाकोरी वर्षानुवर्षं राहते. आहे त्या वाटेनेच चला.

घाटवाट
सगळं वाचून बेत बदलला. आधी मूळ डिस्कवर २१५/७५ आर१५, तीन थरी भिंतीचे, लिफ्ट नाही. कायद्याचं उत्तर आल्यावर पुढचं ठरवेन. यातही काही बघायचं आहे का?

पाना१७
चांगला निर्णय. २१५ लिफ्टशिवाय न घासता बसतो, तरी फुल लॉकला एकदा बघा. पाच टायर घ्या, चार नाही. स्टेपनी लहान राहिली तर ४एचमध्ये (हाय रेंज ४डब्ल्यूडीमध्ये) चारही चाकांचा घेर सारखा राहत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. नवी स्टेपनी जड असते, म्हणून मागच्या दाराच्या बिजागरीत खेळ आहे का ते दार अर्धं उघडून वर-खाली उचलून बघा.

तेलकट_हात
हवा डांबरावर दाराच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच. कच्च्या वाटेवर १८ पीएसआयपर्यंत उतरवा, खडकावर त्याखाली नको. डांबर लागलं की आधी कॉम्प्रेसर काढायचा, चहा नंतर. नवीन टायर बसवल्यावर ५०-१०० किमीला चाकांचे नट परत टॉर्क पान्याने बघा, गाडी थंड असताना, आणि कसताना ताऱ्याच्या आकाराने जा, शेजारचे एकापाठोपाठ नाही.